पाटा वाढला, पासिंग मात्र तेवढेच
इतवारीतील मालवाहू पिकअप, जादा पाट्यांचा सोस आणि न जुळणारा हिशेब

नागपूर, (प्रतिनिधी) : इतवारीच्या बाजारात सकाळी दहाच्या सुमारास तासभर उभे राहिले, की मालवाहू पिकअप गाडीची दोन रूपे पाहायला मिळतात. रिकामी गाडी येते ती मागून उचललेली, नाक जमिनीकडे झुकलेली. तीच गाडी धान्याची पोती किंवा लोखंडी सळाखी भरून बाहेर पडते तेव्हा मागे टेकलेली असते आणि तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत येतात. पहिल्या रूपाचे कारण दुसऱ्या रूपात दडलेले आहे. गाडी मागे बसते म्हणून मालक मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री एक-दोन पाटे वाढवतो आणि रिकामी गाडी उंटासारखी दिसू लागते. महिन्याभरात वाढलेल्या पाट्यांच्या भरवशावर आणखी चार पोती चढतात आणि गाडी पुन्हा टेकते.

हा प्रकार केवळ नागपूरचा नाही, हे खरे. परंतु इतवारीची रचनाच अशी आहे की त्याचे सर्व दुवे येथे एकाच ठिकाणी सापडतात. रविवारच्या बाजारावरून नाव पडलेली ही पेठ बैलबंडी आणि हातगाडीच्या मापाने वसली. किराणा ओळ, लोहा ओळ, मस्कासाथ या भागांत आजही मोठा ट्रक सुखाने वळत नाही. त्यातच जड वाहनांना शहरात दिवसा प्रवेशाचे निर्बंध असतात. त्यामुळे घाऊक माल शेवटच्या दुकानापर्यंत नेण्याचे आणि तेथून कामठी, उमरेड, भंडारा, सावनेरकडे पाठविण्याचे काम छोट्या गाड्यांवर आले. मे २००५ मध्ये टाटा कंपनीने पाऊण टन क्षमतेची एस ही गाडी बाजारात आणली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. नावातच गफलत होती. गाडी छोटी आहे, हे सगळे विसरले. हत्ती तेवढा लक्षात राहिला.

पन्नास किलोचे पोते धरले तर पाऊण टन म्हणजे पंधरा पोती. त्याहून मोठ्या पिकअपची, उदाहरणार्थ महिंद्र बोलेरोची, निरनिराळ्या प्रकारांतील भारक्षमता साधारण १.३ टनांपासून सुरू होते. १.७ टनांच्या गाडीत नियमाने चौतीस पोती बसतात. भाडे मात्र फेरीवर किंवा पोत्यावर ठरते. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत गेला तर डिझेल, चालकाची हजेरी आणि वेळ तिन्ही वाचतात. या गणिताला उत्तर म्हणून पाटा येतो. म्हणून पाटा कोणता घ्यावा, या प्रश्नाआधी तो कशासाठी घ्यावा, हे विचारावे लागते.

पाटा काय करतो, काय करत नाही

मालवाहू गाडीच्या मागच्या आसावर बसविलेले पाटे, ज्यांना काही मिस्त्री कमानी म्हणतात, हे स्प्रिंगच्या पोलादाचे असतात. सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले हे पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेला आणून तयार होते. त्याची लवचीकता या प्रक्रियेतून येते. गाडी जुनी झाली, की पाट्याची कमान बसते. तेव्हा तो भट्टीत तापवून पुन्हा कमान चढविण्याचा स्वस्त उपाय केला जातो. तापविल्यावर मूळची उष्णता-प्रक्रिया नाहीशी होते. ती नेमकेपणाने पुन्हा करण्याची सोय रस्त्याकडेच्या भट्टीत नसते. असा पाटा काही दिवस उंच दिसतो, मग एक तर पुन्हा बसतो किंवा तडकतो. पाट्याला वेल्डिंग करणे किंवा त्यात नवे भोक पाडणे हे त्याहून वाईट.

पाट्याचा ताठपणा कसा वाढतो, हे गणित मालकांनी समजून घेण्यासारखे आहे. समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर ताठपणा सुमारे वीस टक्के वाढतो. जाडी वाढविली तर मात्र तो तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ २.४ पट ताठ होतो. डोळ्यांना दोन मिलिमीटरचा फरक जाणवतही नाही. म्हणून दुसऱ्या मोठ्या गाडीचा, भंगारातून काढलेला जाड पाटा कापून बसविणे, ही काटकसर नसून अंदाजपंचे काम आहे. त्या पाट्यामुळे बाकीचे पातळ पाटे मोकळे राहतात, सगळा भार एकावर येतो आणि तो मधल्या बोल्टपाशी मोडतो. काही नव्या गाड्यांत मधे जाड व टोकांकडे निमुळते होत जाणारे, एकमेकांना मधेच न टेकणारे पॅराबोलिक पाटे असतात. त्यांच्याखाली साधा सपाट पाटा सरकवणे तर मुळातच चूक, कारण त्यांची रचना एकमेकांवर घासण्यासाठी नसते.

आता मुख्य मुद्दा. पाटा ताठ केल्याने गाडी कमी बसते. परंतु आसाचे घर, चाकांचे बेअरिंग, चेसिसचे लोखंड, टायर आणि ब्रेक हे जिथल्या तिथे असतात. गाडीचे पासिंग, म्हणजे नोंदणी पुस्तकातील एकूण वजन, हे या सर्वांतील दुर्बळ भाग लक्षात घेऊन उत्पादकाने ठरविलेले असते. त्यांपैकी वजन जास्त झाल्याचे चालकाला डोळ्यांनी दाखविणारा भाग बहुधा पाटा हा एकटाच. गाडी टेकली, की कळते. पाटा वाढविणारा मालक गाडीची ताकद वाढवत नाही, तर ती सूचना बंद करतो. पूर्वी बंडीवर जास्त भरले तर बैलच बसत असे. इंजिनाला ती अक्कल नाही.

टायरचे उदाहरण घेऊ. टायरच्या कडेवर भार-निर्देशांक छापलेला असतो. १०४ हा आकडा असेल तर एका टायरची मर्यादा ९०० किलो. मागे दोनच टायर असतील तर दोन्ही मिळून १८०० किलो, तेही सांगितलेली पूर्ण हवा भरलेली असताना. आणि त्यात गाडीच्या मागच्या भागाचे स्वतःचे वजनही धरायचे. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला, की सिमेंटच्या रस्त्यावर हे टायर काय सोसतात, याची कल्पना टायर फुटल्यावरच येते.

ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या चाकांना किती दाबाने ब्रेक लागावा, हे ठरविणारा एक व्हॉल्व्ह असतो. कारागीर त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो चेसिस आणि आस यांतील अंतरावरून भार ओळखतो. अंतर कमी झाले म्हणजे गाडी भरलेली आहे, तेव्हा मागे जास्त ब्रेक द्यायचा. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, तेव्हा चाके घसरू नयेत म्हणून कमी द्यायचा. पाटे वाढवून किंवा ठोकळे घालून गाडी उचलली, की हा व्हॉल्व्ह फसतो. अडीच टन माल भरलेला असतानाही गाडी रिकामी आहे, असे समजून तो मागचा ब्रेक कमी करतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. शहरात हे कदाचित निभावते. छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिलेवानी घाट किंवा सिवनीकडचा कुरई घाट उतरताना निभावेलच असे नाही. १.७ टनांच्या गाडीत चौतीसऐवजी पन्नास पोती भरली आणि गाडीचे रिकामे वजनही तेवढेच १.७ टन धरले, तर एकूण वजन ३४०० वरून ४२०० किलोंवर जाते. त्याच वेगात ही गाडी थांबविण्यासाठी ब्रेकला सुमारे साडेतेवीस टक्के जास्त काम करावे लागते, आणि नेमके त्याच वेळी मागचा ब्रेक अर्धवट लागत असतो.

मग घ्यायचे काय?

जादा भार पूर्णपणे बाजूला ठेवला तरी पाट्यांचा प्रश्न उरतोच. पासिंगच्या आत माल भरूनही गाडी टेकत असेल, तर ती तक्रार रास्त आहे. अशा वेळी दुकानात जाण्याआधी धर्मकाट्यावर जावे. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडीचे, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या आसाचे वजन करावे. दोन पावत्यांचा खर्च किरकोळ आहे आणि त्यांतून जे कळते ते कोणताही मिस्त्री नुसत्या नजरेने सांगू शकत नाही.

या वजनात अनेकदा निराळेच गुपित उघडे पडते. एकूण वजन मर्यादेत असते, पण माल चुकीच्या जागी असतो. लोहा ओळीत भरलेल्या सळाखी हौद्याच्या मागे लोंबतात. पुढच्या व मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि ४०० किलो सळाखीचा मध्य मागच्या आसाच्या एक मीटर मागे आहे, असे समजा. मागच्या आसावर ४०० नव्हे, तर सुमारे ५३३ किलो भार येतो आणि पुढच्या आसावरून १३३ किलो उचलला जातो. स्टीअरिंग हलके होते ते याच कारणाने. येथे पाट्याचा काहीही दोष नसतो. लांब माल लांब हौद्याच्या गाडीत जायला हवा, इतकेच. हौद्याबाहेर आलेल्या मालाबद्दल केंद्रीय कायद्यात २०१९ पासून स्वतंत्रपणे वीस हजार रुपये दंड आहे, ही गोष्टही लोहा ओळीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली बरी.

वजन आणि मांडणी दोन्ही ठीक असूनही गाडी बसत असेल, तर पाटे थकले आहेत. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजली, की एका बाजूची कमान जास्त बसली असल्यास लगेच दिसते. त्या वेळी उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी नेमलेल्या मापाचा पूर्ण संच, दोन्ही बाजूंना एकदम बदलावा. एका बाजूचाच पाटा बदलणे म्हणजे गाडी कायमची तिरकी करणे. सोबत बुश, मधला बोल्ट आणि यू-बोल्टही नवे घ्यावेत. यू-बोल्ट एकदा ताणून कसले, की ते पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. आणि नवे बसविल्यावरही काही दिवस भार वाहून झाल्यावर पुन्हा एकदा कसावे लागतात. ही दुसरी कसणी बहुतेक जण विसरतात आणि मग आस सरकला, मधला बोल्ट कापला गेला, अशा तक्रारी येतात. भारतीय मानक संस्थेचे आयएस ११३५ हे वाहनांच्या पाट्यांसाठीचे मानक आहे. दुकानदाराकडे त्याची चौकशी करावी आणि पक्के बिल मागावे. बिलाशिवाय मिळणारा पाटा कोणत्या पोलादाचा आहे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

ज्यांचा भार रोज सारखा नसतो, म्हणजे चार दिवस कापडाचे तागे आणि पाचव्या दिवशी धान्य, त्यांच्यासाठी मुख्य पाटे ताठ करण्यापेक्षा हेल्पर पाटा किंवा रबरी हेल्पर अधिक सोयीचा. गाडी ठरावीक मर्यादेपर्यंत बसली की मगच तो टेकतो आणि भार घेतो. रिकाम्या गाडीत तो अलिप्त राहतो. इतवारीच्या गाड्या परतीच्या वाटेवर बहुधा रिकाम्या असतात, हे लक्षात घेतले तर या फरकाचे महत्त्व कळेल. ताठ पाट्यांची रिकामी गाडी खड्ड्यावर उडते, मागचे चाक क्षणभर जमीन सोडते, आणि त्या क्षणी ब्रेक मारला तर गाडी आडवी होते. चालकाच्या कंबरेचे जे होते ते वेगळेच. हेल्पर बसविल्यानंतर ब्रेकचा तो व्हॉल्व्ह अधिकृत कार्यशाळेत तपासून घ्यावा, ही मात्र अट समजावी.

उंची वाढविण्याच्या बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे किंवा लांब शॅकल लावणे यांनी गाडी फक्त उंच होते. एक किलोदेखील भारक्षमता वाढत नाही. उलट गुरुत्वमध्य वर जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि वळणावर गाडी कलते. शॉक अॅब्सॉर्बर हा तर भार उचलणारा भागच नव्हे. त्याचे काम उसळी आवरण्याचे. परदेशांत डोंगरवाटांवर हौसेने गाड्या चालविणाऱ्यांसाठी 'लिफ्ट किट' मिळतात, त्यांची जाहिरात पाहून मालवाहू गाडीला तेच लावण्याचा मोह अनाठायी आहे. त्या हौशी गाड्यांत दोन माणसे आणि एक तंबू असतो.

आणि उंचीचा आणखी एक बळी आहे, ज्याला कोणी विचारत नाही. हौदा चार बोटे वर गेला, की पाठीवर पोते घेतलेल्या हमालाला फळीवरून चढताना तेवढी चढण जास्त. दिवसाला दोनशे पोती चढविणाऱ्याच्या गुडघ्यांना ही चार बोटे नेमकी कळतात. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालांच्या श्रमाला संरक्षण दिले, पण फाळक्याची उंची कोणत्याही करारात लिहिलेली नसते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील आणि उत्पादकाचे मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नोंदणी पुस्तकात पाट्यांची संख्या लिहिलेली नसते, म्हणून एखादा जादा पाटा या कलमात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. वजनाच्या बाबतीत तशी सोय नाही. मर्यादेपेक्षा जास्त भारासाठी कलम १९४ मध्ये पूर्वी दोन हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला एक हजार असा दंड होता; २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार आणि टनाला दोन हजार असा झाला. शिवाय जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे जाता कामा नये. दंड भरला म्हणजे जादा माल नेण्याचा परवाना मिळाला, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्येच खोडून काढली आहे.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसांची भारमर्यादा वाढविली. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. पिकअपशी या वाढीचा काही संबंध नाही. तिचे पासिंग कायद्याच्या वरच्या मर्यादेने नव्हे, उत्पादकाने प्रमाणित केलेल्या वजनाने बांधलेले आहे.

ज्याला रोज अडीच टन न्यायचे आहेत, त्याने पाट्यांवर खर्च करण्याऐवजी मोठ्या क्षमतेची गाडी घेण्याचा हिशेब मांडावा, असे म्हणणे सोपे आहे. हप्ते त्यालाच भरायचे असतात. तरीही दोन गोष्टी अलीकडे त्याच्या बाजूने घडल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्याची मुभा कायम ठेवली. म्हणजे थोडी मोठी गाडी घेतली म्हणून चालक बदलावा लागत नाही. गाडीच चालक-मालकाची असेल, तर हा मुद्दा लहान नाही.

कारवाईचा भर मात्र चालकावरच राहतो, आणि येथे आमच्या मते खरी गोम आहे. कलम १९४ केवळ वाहन चालविणाऱ्यापुरते नाही. तसे वाहन चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात येतो. चौतीस पोत्यांच्या गाडीत पन्नास पोती भरा, असे सांगणारा माणूस गादीवर बसलेला असतो. नाही म्हणणाऱ्या चालकाच्या मागे दुसरी गाडी रांगेत उभी असते. अशा चालकाने मिस्त्रीकडे जाऊन जादा पाटा घालून घेतला, तर तो हौस म्हणून नव्हे, भाडे टिकवायचे म्हणून.

पुरावा शोधायला कोणाला रस्त्यावर काटा घेऊन उभे राहण्याचीही फारशी गरज नाही. बिल्टीवर पोत्यांची संख्या लिहिलेली असते. राज्यांतर्गत एक लाख रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल लागते; शहराबाहेर दूर जाणाऱ्या अशा मालाच्या बिलात मालाचे परिमाण असते आणि गाडीचा क्रमांकही. त्या क्रमांकाच्या गाडीचे एकूण वजन परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत नोंदलेले आहे. पन्नास पोती आणि चौतीस पोत्यांची गाडी हे दोन्ही आकडे सरकारच्याच दोन संगणकांत असतात.